गावकुसाबाहेरचं चर्च

आपल्या लहानपणी ‘कोठारा’ हे परतवाड्याजवळच्या एका जागेचं नाव होतं, पण घरोघरी तो दटावणीचा शब्दही होता. बाजारात कुठे हात लावला, रस्त्यावरचं काही उचललं, की कुणीतरी म्हणायचंच, ‘‘कोठाऱ्याले पाठोतो मंग तुले!’’ आपल्यापैकी बहुतेकांनी ते आवार आतून कधी पाहिलं नव्हतं. तरी तिथे काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं. महारोग्यांचा दवाखाना आणि त्यांचं चर्च.

स्मरणिका समितीने ‘गावाच्या इतिहासावर काहीतरी लिही’ असं सांगितलं तेव्हा गाविलगड आणि शकुंतला रेल्वे हे दोन्ही विषय आधीच वाटले गेले होते, असं कळलं. बरं झालं. मी शिकले अभियांत्रिकी, पोट भरते सॉफ्टवेअरवर, त्यामुळे इतिहासाची पदवी काही माझ्याकडे नाही. पण वर्गातल्या मोजक्या ख्रिस्ती मुलींपैकी मी एक. ‘‘तुमच्याकडे रविवारी नेमकं करतात काय?’’ हा प्रश्न पाचवी ते दहावी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचं उत्तर जरा सविस्तर देण्याची ही संधी सोडवत नाही. आणि आपल्या भागातल्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास सांगायचा तर तो कोठाऱ्यापासून सांगावा, असं माझं मत आहे. तिथे आमच्या धर्माचं चांगलं तेही दिसतं आणि अवघड तेही.

परतवाडा हे मुळात छावणीचं गाव. अचलपूर म्हणजे तेव्हाचं एलिचपूर जुनं, नबाबाचं. त्याच्या शेजारी हैदराबाद कंटिन्जंटची पलटण राहायची. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. 1893 मध्ये इथली पलटण हलली, 1905 मध्ये एलिचपूर जिल्हाही मोडून अमरावतीत मिसळला, आणि छावणीचं गाव लाकडाच्या बाजाराचं गाव होत गेलं. साहेबलोकांची उपासना इंग्रजीतून व्हायची. तिचा इथल्या माणसांशी फारसा संबंध नव्हता. संबंध आला तो मेळघाटामुळे.

1870च्या दशकात अल्बर्ट नॉर्टन नावाचे अमेरिकन मिशनरी या भागात आले. त्यांचं लक्ष डोंगरातल्या कोरकू लोकांकडे होतं. पुढे 1890च्या सुमारास ‘कुरकू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन’ ही संस्था निघाली. नावात ‘हिल’ आहे हे लक्षात घ्या, सपाटीवर काम करण्याचा मूळ बेत नव्हताच. या मिशनचे जॉन ड्रेक यांनी 1903 मध्ये कोरकू भाषेचं व्याकरण छापलं. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, मुंडा कुळातली आहे. जी भाषा आपल्यातले किती तरी जण आठवडी बाजारात रोज ऐकत होते आणि जिचा एक शब्द शिकायची गरज कुणाला वाटली नव्हती, तिचं व्याकरण लिहायला माणूस इंग्लंडहून यावा लागला, याची गंमतही वाटते आणि थोडं ओशाळल्यासारखंही होतं. नॉर्टन मात्र पुढे दौंडला गेले. दुष्काळातल्या अनाथ मुलांसाठी त्यांनी तिथे आश्रम काढला. पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन तिथून जवळच. 1905 मध्ये मुक्तीत जे आध्यात्मिक जागरण झालं त्याची हकीकत जगाला सांगणाऱ्यांत नॉर्टनही होते. आपल्या एलिचपूरचा धागा असा रमाबाईंपर्यंत जातो.

डोंगरासाठी आलेलं मिशन सपाटीवर गुंतलं ते दोन कारणांनी. एक दुष्काळ. 1896-97 आणि 1899-1900 अशा लागोपाठच्या दोन दुष्काळांनी वऱ्हाड-मध्यप्रांतात पोरकी मुलं रस्त्यावर आणली. माझे पणजोबा त्यांतलेच एक, असं घरात सांगतात. त्यांचं मूळ आडनाव काय होतं हे कुणालाच ठाऊक नाही. दुसरं कारण महारोग.

त्या काळी महारोग्याला औषध नव्हतं. रोगाचे जंतू नॉर्वेच्या हॅन्सेनने 1873 मध्येच शोधले होते, पण जंतू सापडला म्हणून इलाज सापडत नाही. सापडला तो फक्त एक निष्कर्ष: हा रोग आनुवंशिक नाही, संसर्गाचा आहे. म्हणजे माणसं वेगळी ठेवा. 1897 च्या बर्लिनच्या परिषदेने यावर शिक्कामोर्तब केलं आणि 1898 मध्ये इंग्रज सरकारने ‘लेपर्स अ‍ॅक्ट’ आणला. भीक मागणाऱ्या महारोग्याला पोलिसाने वॉरंटशिवाय पकडावं, आश्रमात ठेवावं. सरकारने ठरवलं तर त्याने खाण्याचे पदार्थ विकायचे नाहीत, सार्वजनिक विहिरीवर-तळ्यावर अंघोळ करायची नाही, भाड्याची गाडी हाकायची नाही. ज्याच्या घरी पैसा तो घरात लपून राहणार, म्हणजे कायदा गरिबासाठीच होता. हा कायदा 2016 मध्ये रद्द झाला. चूक वाचलं नाही तुम्ही, 2016.

आश्रम चालवायचे कुणी? सरकारला ते काम नको होतं. मिशनांनी ते घेतलं. वेल्स्ली बेली या आयरिश गृहस्थांनी 1869 मध्ये अंबाल्याला महारोग्यांच्या झोपड्या पाहिल्या आणि 1874 मध्ये डब्लिनहून ‘मिशन टू लेपर्स’ सुरू केलं. तिथून पैसा यायचा, जागेवरची मिशनं माणसं पुरवायची. कोठाऱ्याचा आश्रम या साखळीतला. अशा आश्रमांत भात-भाकर मिळायची, जखमा धुतल्या जायच्या, बायका-पुरुषांना वेगळ्या वस्त्या असायच्या. रोग न झालेली मुलं आईबापांपासून काढून वेगळ्या मुलांच्या घरात ठेवायचे. त्या काळच्या समजुतीने ते मुलांच्या भल्याचं होतं, आणि कित्येक मुलं त्यामुळे शिकून नर्स-मास्तर झालीही. पण कुंपणापलीकडून आपलं लेकरू पाहणाऱ्या आईचा विचार केला की हिशेब इतका सरळ लागत नाही.

‘‘सेवेच्या नावाखाली धर्मांतर’’ हा मुद्दा इथे कुणीतरी काढणारच, म्हणून मीच काढते. परदेशातल्या देणगीदारांना मिशनरी जे अहवाल पाठवत त्यांत बांधलेल्या जखमा आणि झालेले बाप्तिस्मे शेजारीशेजारी मोजलेले असत. हे लपवण्यात अर्थ नाही. ज्याला घरच्यांनी दारातून काढलं, त्याने हातावर पट्टी बांधणाऱ्याचा देव आपलासा केला तर त्यात सक्ती किती, कृतज्ञता किती आणि श्रद्धा किती हे शंभर वर्षांनंतर आपण कोण ठरवणार? मला एवढंच दिसतं, की महारोग्याने धर्म बदलल्यावरही त्याला घरी कुणी परत बोलावलं नाही.

आता त्या चर्चमधल्या उपदेशाकडे येते, कारण खरा पेच तिथे आहे.

जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचे दोन अध्याय, तेरावा आणि चौदावा, याच विषयाचे आहेत. याजकाने चट्टा तपासायचा, सात दिवस माणसाला वेगळं ठेवायचं, पुन्हा तपासायचं. रोग ठरला तर त्या माणसाने फाटके कपडे घालून, ‘अशुद्ध, अशुद्ध’ ओरडत छावणीबाहेर राहायचं. मराठी पवित्र शास्त्रात या रोगाला ‘कुष्ठरोग’ म्हटलं आहे. मूळ हिब्रू शब्द आहे ‘त्साराअत’. गंमत अशी, की हा त्साराअत कपड्याला होतो आणि घराच्या भिंतीलाही होतो. आता भिंतीला महारोग कसा होईल? होते ती बुरशी, पोपडे. माणसाच्या अंगावरचा त्साराअत कुठे कुठे ‘बर्फासारखा पांढरा’ असं वर्णन येतं. हे वाचल्यावर वऱ्हाडातली कुठलीही आजी सांगेल, की बाप्पा, हे तर कोड! कोड वेगळं, महारोग वेगळा. कोडाने नसा मरत नाहीत, बोटं झडत नाहीत. त्या एका शब्दाखाली बहुधा त्वचेचे अनेक विकार होते आणि आपण ज्याला महारोग म्हणतो तो त्यांत होता की नाही याचीच अभ्यासकांना शंका आहे. हिब्रूचं ग्रीक झालं ‘लेप्रा’, ग्रीकांचाही लेप्रा म्हणजे खवले धरणारा कातडीचा आजार. मग युरोपात तोच शब्द हॅन्सेनच्या रोगाला चिकटला, इंग्रजीत ‘लेपर’ झाला आणि मराठीत ‘कुष्ठरोगी’. भाषांतराच्या या तीन-चार उड्यांत एका रोगाचा शाप दुसऱ्या रोगाच्या माणसांवर चढला.

आमच्या धंद्यात असं नेहमी होतं. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी एक नियम लिहून ठेवलेला असतो. का लिहिला ते कुणाला आठवत नाही, ज्याच्यासाठी लिहिला ते यंत्रही भंगारात गेलेलं असतं. पण तो काढायला कुणाचा हात धजत नाही, म्हणून तो चालूच राहतो.

नव्या करारात येशूकडे असा एक रोगी येतो. मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय. हा प्रसंग आम्ही संडे स्कूलमध्ये शेकडो वेळा ऐकला: येशूने हात पुढे करून त्याला स्पर्श केला आणि तो बरा झाला. पण क्रम नीट पाहा. आधी स्पर्श, मग बरं होणं. नियमाप्रमाणे उलटं हवं: आधी बरं व्हायचं, याजकाला दाखवायचं, मग माणसांत यायचं. आणि त्याच्या पुढची ओळ उपदेशात फारशी येत नाही. बरा झालेला माणूस गावभर सांगत सुटतो आणि त्यामुळे येशूलाच उघडपणे गावात जाता येईना, तो बाहेर रानात राहू लागतो. म्हणजे जागांची अदलाबदल झाली. जो बाहेर होता तो आत आला, आणि ज्याने आत आणलं तो बाहेर गेला. इब्री लोकांस पत्रात पुढे हेच सांगितलं आहे, की येशूने वेशीबाहेर दुःख सोसलं, तेव्हा आपणही छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ या. तीच छावणी, लेवीयातली.

मराठीत याला नेमका शब्द आहे, गावकुसाबाहेर. आणि महाराष्ट्रातले ख्रिस्ती लोक, काही ब्राह्मण व इतर सवर्ण घराणी सोडली तर, बहुतांश त्या गावकुसाबाहेरूनच आलेले आहेत. रमाबाई आणि नारायण वामन टिळक यांची नावं सगळ्यांना माहीत असतात. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि आमच्या उपासनेत अभंगाचा ताल आणला, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण गावोगावच्या मंडळ्या भरल्या त्या विहिरीवर पाणी न मिळणाऱ्या माणसांनी. त्यांना वेशीबाहेर म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही त्याच लोकांच्या चर्चने महारोग्यासाठी आणखी एक कूस बांधलं. आश्रमाचं चर्च निराळं, गावातल्या मंडळीचं निराळं. प्रभुभोजन निराळं.

प्रभुभोजन म्हणजे काय, तेही सांगते. येशूने शेवटच्या रात्री शिष्यांबरोबर भाकर मोडली, प्याला फिरवला. त्याच्या आठवणीने आम्ही भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घेतो. मूळ रीत एकाच प्याल्याची, सगळ्यांचे ओठ एकाच कडेला. जंतूंचा शोध लागल्यावर 1890च्या दशकात अमेरिकेतल्या चर्चमध्ये बोटभर उंचीचे वेगवेगळे पेले आले. पुढे आपल्याकडच्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही तेच रुळले. काचेच्या छोट्या पेल्यांची ती गोल ताटं आता इतकी सवयीची आहेत, की एकच प्याला होता हे तरुण मुलांना नवल वाटतं. 2020 च्या टाळेबंदीत तर तेही गेलं. ईस्टर 12 एप्रिलला होता, चर्चला कुलूप. ऑनलाइन उपासनेची जोडणी करून देणं हे माझ्यासारख्यांचं काम झालं. मग वाद निघाला: घरात बसून, पडद्यासमोर, आपल्याच स्वयंपाकघरातली पोळी मोडली तर ते प्रभुभोजन म्हणायचं का? काही पाळक म्हणाले, हो, देवाला अंतर नाही. काही म्हणाले, नाही, एकत्र जमल्याशिवाय मंडळी नाही, तोवर उपाशी राहू. मला स्वतःला दुसरं म्हणणं पटलं, जरी जोडणी मीच करून देत होते. त्या महिन्यांत ‘स्पर्श नाही, जवळ येऊ नका, तुमचा पेला वेगळा’ हे सगळ्यांनी अनुभवलं. काही माणसं त्या अवस्थेत पन्नास-पन्नास वर्षं काढून गेली होती.

औषध आलं ते 1940च्या दशकात. सल्फोन गटातलं डॅप्सोन. चिंगलपेटला डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी ते हिंदुस्थानात वापरून पाहिलं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड वाकड्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागले. बोटं रोगाने झडत नाहीत. नसा मेल्यामुळे चटका-जखम कळत नाही आणि त्या दुर्लक्षाने ती जातात, हे त्यांच्या कामातून लोकांना समजलं. मग 1980च्या दशकाच्या सुरुवातीला बहुऔषधोपचार आला, दोन-तीन गोळ्या एकत्र. सहा महिने किंवा वर्षभर घेतल्या की रोग संपला, आणि पहिल्या काही मात्रांतच संसर्ग थांबतो. 1983 मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा आपली शहाण्णवची बॅच अजून बालवाडीतही नव्हती. म्हणजे आपण शाळेत जात होतो त्या सगळ्या वर्षांत हा रोग बरा होणारा होता. 30 जानेवारीला आपण मैदानात उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळायचो. तोच कुष्ठरोग निवारण दिन, कारण गांधीजींनी सेवाग्रामला परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली होती.

हे काम ख्रिस्त्यांनीच केलं असं मुळीच नाही. दत्तपूरला मनोहर दिवाण 1936 पासून होते. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये तपोवन उभं केलं. बाबा आमट्यांचं आनंदवन त्यानंतरचं. यांच्यात आणि मिशनांत मला एक फरक जाणवतो. तपोवन-आनंदवनाने रोग्याच्या हाताला काम दिलं: शेती, हातमाग, छापखाना. मिशनने आधी हातावर पट्टी आणि मग शस्त्रक्रिया दिली. दोन्ही लागतं. नावांची गोष्ट मात्र सगळीकडे सारखी. अमरावतीची संस्था ‘विदर्भ महारोगी सेवा मंडळ’, वरोऱ्याची ‘महारोगी सेवा समिती’, आणि ‘मिशन टू लेपर्स’. त्यातल्या मिशनने 1965 मध्ये नावातून रोगी काढला आणि रोग ठेवला: ‘लेप्रसी मिशन’. कोठाऱ्याच्या दवाखान्याच्या नावात तर आता ‘कम्युनिटी हॉस्पिटल’ आलं आहे, आणि ज्यांच्या आया ‘कोठाऱ्याले पाठोतो’ म्हणायच्या ते आता पाय मोडला की स्वतः होऊन तिथे जातात.

कायद्याने मात्र कमाल केली. ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा 1869 चा. त्यात बाईला घटस्फोट मिळणं पुरुषापेक्षा फार कठीण होतं, म्हणून तो बदलावा यासाठी बायकांनी वर्षानुवर्षं मागणी केली. 2001 मध्ये तो बदलला. आम्हाला आनंद झाला. आणि त्याच दुरुस्तीत घटस्फोटाचं एक नवं कारण घातलं गेलं: जोडीदाराला असाध्य महारोग असणं. बरं करणारं औषध येऊन तोवर जवळपास वीस वर्षं झाली होती! हिंदू विवाह कायद्यात ते कारण आधीपासून होतं, म्हणून ‘समानता’ आणताना तेही उचललं. आजारपणातही एकमेकांना सोडणार नाही, असं वेदीपुढे उभं राहून वचन देणाऱ्या लोकांच्या कायद्यात. चर्चच्या पुढाऱ्यांनी दुरुस्तीच्या इतर कलमांवर बराच खल केला होता, पण या कलमावर मोठा गलका झाल्याचं मला तरी आठवत नाही. 2019 मध्ये संसदेने हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती आणि विशेष विवाह अशा सगळ्या कायद्यांतून महारोगाचं कारण एकदम काढून टाकलं.

आपल्या वर्गात वस्तीतून येणारी दोघं-तिघं होती, तुम्हाला आठवत असेल. त्यांना स्वतःला काही झालेलं नव्हतं, आजी-आजोबांना झालं होतं. मधल्या सुट्टीत त्यांचा डबा कुणी चाखत नसे. आज त्यांची मुलं पुण्यात, नागपुरात नोकरीला आहेत. मुलांची लग्नं ठरवायचं वय आलं आहे आणि मंडळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर बायोडाटे फिरतात. त्यांत मूळ गाव ‘परतवाडा’ असतं. ‘कोठारा’ कुणी लिहीत नाही. आमच्यात लग्नाआधी उपासनेत उभं राहून पाळक जाहीर वाचन करतात, अमक्याचं लग्न तमकीशी ठरलं आहे, कुणाची हरकत असेल तर सांगावी. मी आजवर चर्चमध्ये कुणी हरकत घेतलेली पाहिली नाही. हरकत आधीच, फोनवर, घेतली जाते. ‘‘परतवाड्यात नेमकं कुठे?’’ एवढंच विचारतात.